कलम ३१२ आणि घरातली भीती

१ जुलै २०२४ला इंग्रजांच्या काळातली भारतीय दंड संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवशी वाहिन्यांवर गुलामीच्या खुणा पुसल्याचा जल्लोष सुरू होता. मी मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकच कलम शोधत बसलो होतो. जुन्या संहितेतलं ३१२. नव्या संहितेत ते ८८व्या क्रमांकावर सापडलं. मजकूर जवळपास तोच. गर्भवती स्त्रीचा गर्भपात जो कोणी घडवून आणेल आणि तो तिचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केलेला नसेल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. त्याखाली एक स्पष्टीकरण आहे: स्वतःचा गर्भ स्वतःच पाडणारी बाईही या कलमात येते.

म्हणजे १८६०मध्ये लिहिलेलं वाक्य नंबर बदलून पुढं चाललंय. खुणा पुसताना नेमकी ही खूण राहून गेली, की कुणाला ती खूण वाटलीच नाही, सांगता येत नाही.

आमच्या घरात या कलमाचा विषय कधी निघाला नव्हता. त्याची भीती मात्र होती, हे मला फार उशिरा कळलं. दादीच्या धाकट्या बहिणीबद्दल मी पुढं लिहिणार आहे. आधी हे कलम आलं कुठून, ते पाहू.

मेकॉले म्हटलं की आपल्याला त्याचं १८३५चं शिक्षणावरचं टिपण आठवतं. दंड संहितेचा पहिला मसुदाही त्याच्याच अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं तयार केला. तो १८३७मध्ये सरकारला सादर झाला. मसुद्याला जोडलेली स्पष्टीकरणात्मक टिपणं फारसं कुणी वाचत नाही. गर्भपाताच्या कलमावरचं टिपण वाचून मी थबकलो. ज्यांनी कलम लिहिलं तेच तिथं आपल्याला या कायद्याची धास्ती वाटते म्हणून सांगतात. त्यांचं म्हणणं असं की या देशात गर्भपाताचा आरोप सिद्ध झाला नाही तरी घराण्याच्या इज्जतीवर डाग पडतो. त्यामुळं खोटा आरोप करण्याची धमकी हे बदमाशांच्या हातातलं मोठं हत्यार ठरेल. पुरेशी काळजी घेतली नाही तर या कायद्यानं शिक्षा थोड्यांना होईल, पण अब्रूदार कुटुंबांच्या वाट्याला दुःख आणि दहशत येईल, आणि समाजातली नीच माणसं त्यावर पैसे कमावतील.

हे सगळं लिहूनही त्यांनी कलम ठेवलंच. इंग्लंडमध्ये १८०३पासून गर्भपात हा कायद्यानं गुन्हा होता. तिथं जे चालतं ते इथं नको, असं म्हणायचं कुणी? १८५७चं बंड होऊन गेल्यावर मसुदा पुन्हा वर काढला गेला. १८६०मध्ये तो मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाला.

त्याआधी काय होतं? बंगालमध्ये कंपनीच्या फौजदारी न्यायालयांत काजी-मुफ्तींचे फतवे घेऊन बराच काळ हनफी फिकहवर आधारलेला कायदा चालत असे. मुंबई इलाख्यात १८२७ची एल्फिन्स्टनची नियमावली होती. फिकहमध्ये या प्रश्नावर एकमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इमाम गझालींना गर्भपात कुठल्याच टप्प्यावर पसंत नव्हता. गर्भ जितका वाढलेला तितका गुन्हा मोठा, असं ते मानत. मालिकी तर फारच कडक. कोकणातले आपले शाफई बांधव ज्या परंपरेतले, तिथं मतभेद आहेत. अनेक हनफी फकिहांनी मात्र गर्भात रूह फुंकली जाण्याआधी, म्हणजे १२० दिवसांच्या आत, कारण असेल तर मुभा दिलेली दिसते. दमास्कसचे इब्न आबिदीन १८३६मध्ये वारले. मेकॉलेचा मसुदा तयार होत होता तोच हा काळ. कारण म्हणून ते कोणतं उदाहरण नोंदवतात? अंगावर पाजणारी आई आहे, नवा गर्भ राहिल्यानं तिचं दूध आटलंय, बापाची दाई ठेवायची ऐपत नाही आणि पाळण्यातलं मूल दगावेल अशी भीती आहे.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात एक घर दिसतं. दूध, पैसा, आधीचं मूल. कलम ३१२मध्ये यातलं काहीच नाही. तिथं फक्त आईचा जीव जातोय की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्या मौलवींच्या आजच्या बयानात हे उदाहरण मी कधी ऐकलेलं नाही. १२० दिवसांचा उल्लेख झाला तरी घाईघाईनं होतो. दीडशे वर्षं इंग्रजी कायद्याखाली राहून आपली समजही त्याच्याच मापाची झाली असावी, असा मला संशय आहे.

कायदा लागू झाला तेव्हा त्याचा पहिला घाव कुणावर बसला, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. पुण्यात जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. पाडण्यासाठी नाना विषारी औषधं दिली गेली. एकही लागू पडलं नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीनं तिनं त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलीस आले. सत्र न्यायालयानं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्रीबुवांचं काय झालं? कलमात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यामागचा एक आकडा मात्र कुणी सांगत नाही. १८८४मध्ये मलबारींच्या टिपणांवर सरकारला आपलं मत कळवताना जोतीरावांनी तो दिला होता. तोवर ३५ गर्भवती विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या बाळांपैकी जगली पाच. उरलेली तीस गेली. जोतीरावांनी कारण दिलंय: गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच झालेली इजा.

पस्तीसपैकी तीस. म्हणजे त्या घराचा दरवाजा ठोठावण्याआधी जवळजवळ प्रत्येकीनं काहीतरी घेऊन पाहिलं होतं. कायद्यानं कुणाला थांबवलं नव्हतं. फक्त सगळं अंधारात गेलं होतं आणि औषधाऐवजी विष हाती आलं होतं. १८७५मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी असंच गृह काढलं. वारीच्या गर्दीत कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून पोटुशी विधवा तिथं जात. त्यातल्या किती विठोबासाठी गेल्या आणि किती लपायला, याचा हिशेब विठोबालाच ठाऊक.

१८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढं पाच वर्षांवर. तो खटला गर्भपाताचा नव्हता, पण एकाच गल्लीची ही दोन टोकं आहेत. आधी ३१२च्या भीतीनं दाईकडं जायचं नाही, नंतर अब्रूच्या भीतीनं बाळ ठेवायचं नाही. वर्तमानपत्रांनी बायकांच्या चालचलणुकीवर रकानेच्या रकाने भरले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी संतापून १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्यांचा सवाल एवढाच होता की गुन्ह्यात पुरुष कुठं आहे?

इथं आमच्या काही मित्रांना फुशारकी मारायची हुक्की येते. आमच्यात विधवेच्या निकाहला मनाई नाही, त्यामुळं हा प्रश्न आमचा नव्हेच, असं ते सांगतात. शरियतमध्ये मनाई नाही, हे खरं. पण शरीफ म्हणवणाऱ्या घराण्यांत विधवेचा दुसरा निकाह हा कमीपणा मानला जात होता. सय्यद अहमद बरेलवींना ही रूढी मोडण्यासाठी आपल्या मोठ्या भावाच्या विधवेशी स्वतः निकाह करून दाखवावा लागला. रूढी नसती तर दाखवायची गरज काय होती?

आणि दुसरं असं की विधवा हा या प्रश्नाचा फक्त दिसणारा भाग होता. कोर्टात जायच्या त्या विधवा, कारण त्यांचं पोट लपत नसे. नवरा असलेल्या बायका कोर्टात गेल्या नाहीत. त्या घरातच मेल्या.

दादीची धाकटी बहीण अशीच गेली. परभणी जिल्ह्यातलं गाव, १९५८चं साल. वय तिशीच्या आतलं. पाच लेकरं, सर्वांत धाकटं अंगावर पीत होतं. आमच्या घरात कायम सांगितलं जायचं की तिला टायफॉईड झाला. दादी ऐंशीची झाली तेव्हा एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती आपणहून बोलली. सहाव्यांदा दिवस राहिले होते. नवऱ्याला माहीत होतं, सासूला माहीत होतं. सासूनंच दाई बोलावली होती. दाईनं काडी घातली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय झालं होतं? सगळ्यांनी सांगितलं, ताप आहे, चार दिवसांपासून ताप आहे. डॉक्टरनं तापाचं औषध दिलं. ती स्वतः शुद्धीवर होती, तरी गप्प राहिली. दोन रात्रींत संपली.

‘पुलिस आती बोलके चुप बैठे सब,’ दादी म्हणाली. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

इब्न आबिदीनचं उदाहरण मी त्यानंतर कित्येक वर्षांनी वाचलं. अंगावर पाजणारी आई. वाचताना मला ती दुपार आठवली. तिच्या घरच्यांना ना कलमाचा नंबर माहीत होता, ना फिकहमधली मुभा. पोलीस येतात, एवढंच माहीत होतं. आणि मेकॉलेच्या टिपणातली अब्रूदार कुटुंबाची दहशत म्हणजे नेमकी काय, ते दादीच्या त्या एका वाक्यात होतं.

त्या काळात कुणी बोलतच नव्हतं असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेतले. एका खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. १९३८मध्ये आंबेडकरांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारनं द्याव्यात असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गर्भ राहू नये याची सोय करायची नाही आणि राहिला तर पाडायचा नाही, असा हा दुहेरी बंदोबस्त पुढंही बरीच वर्षं चालला.

१९६४मध्ये केंद्रानं महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६च्या अखेरीस अहवाल आला. पन्नास कोटींच्या देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात घडवून आणले जात असावेत, असा समितीचा अंदाज होता. पुढं जो कायदा झाला त्याच्या उद्देशांत सरकारनंच कबूल केलं की जुना कायदा पाळण्यापेक्षा मोडलाच जास्त जातो. अशा बायकांपैकी बहुतेक विवाहित आहेत, त्यांना पोट लपवण्याचं काही कारण नाही. अर्धवट पाडलेल्या गर्भानं मरणपंथाला लागलेल्या बायका डॉक्टरांपुढं येतात. माझ्या दादीची बहीण सरकारी कागदात कुठं असेल तर ती या ओळीत आहे.

१९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. बदल मोठा होता. आईचा जीव, तिची शारीरिक-मानसिक तब्येत, बलात्कार, बाळातलं गंभीर व्यंग, आणि विवाहितेच्या बाबतीत गर्भनिरोधक निकामी ठरणं, ही कारणं मान्य झाली. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीसपर्यंत दोघांचं. पण नीट वाचलं तर दिसतं की हा कायदा बाईला हक्क देत नाही. ठरावीक अटींत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढंच तो म्हणतो. ३१२ होतं तिथंच राहिलं. त्याला एक खिडकी पाडली गेली आणि खिडकीची चावी डॉक्टरकडं दिली गेली.

त्यात लोकसंख्येची चिंता मिसळलेली होती. सरकारी दवाखान्यात गर्भपात करून मिळे, पण सोबत तांबी बसवा किंवा नसबंदी करा, असा आग्रह धरला जाई. आणीबाणीनंतर तर आमच्या मोहल्ल्यातल्या बायका सरकारी दवाखान्याच्या फाटकातूनच परत फिरायच्या. एका दाराला पोलिसाची भीती होती, दुसऱ्याला ऑपरेशनच्या कोट्याची. दाईचा धंदा १९७२नंतरही का चालला, याचं उत्तर निदान आमच्या भागात तरी हे आहे.

आता नवऱ्याच्या सहीचा मुद्दा. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिचीच संमती लागते, हे १९७१पासून कायद्यात लिहिलेलं आहे. नवऱ्याची लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. पण २००७मध्ये घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली. वैद्यकीय कारणाशिवाय किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय, त्याला न कळवता केलेला गर्भपात हे त्यातलं एक होतं. दहा वर्षांनी, २०१७मध्ये, बायकोनं आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून तिच्याकडं आणि डॉक्टरांकडं भरपाई मागणाऱ्या नवऱ्याची याचिका त्याच न्यायालयानं फेटाळली. म्हणजे नवरा गर्भपात अडवू शकत नाही, पण त्याचं कारण करून संसार मोडायला कोर्टात जाऊ शकतो. दवाखान्यांनी यातून आपला धडा घेतला: सही घेऊन ठेवा.

वीस आठवड्यांची मर्यादा पन्नास वर्षं हलली नाही. सोनोग्राफीत हृदयाचे दोष दिसायला लागतात ते बहुतेकदा त्याच सुमाराला. २००८मध्ये मुंबईचं एक दांपत्य बाळाच्या हृदयातल्या दोषाचा अहवाल घेऊन उच्च न्यायालयात गेलं. मर्यादा उलटून गेली होती. परवानगी नाकारली गेली. काही दिवसांतच गर्भ आपोआप गेला. त्यानंतर असे कित्येक आईबाप वकीलपत्र आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन कोर्टांच्या पायऱ्या चढले. दर आठवड्याला पोट वाढतं आणि तारीख पुढं जाते, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. २०२१च्या दुरुस्तीनं ठरावीक बायकांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली, गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळं आली, आणि ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’च्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेला वेगळं वागवता येणार नाही, असं सांगितलं.

कागदावर बरंच झालं. पण भीती नवीन दारांनी येते. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये केला आणि तो गरजेचाच होता. त्या कायद्याला वैध गर्भपाताशी काही देणंघेणं नाही. मात्र परळी आणि म्हैसाळची प्रकरणं गाजल्यावर औषधविक्रेत्यांनी गोळ्याच ठेवणं सोडलं. कारवाई नको म्हणून. अल्पवयीन मुलींचं तर त्याहून अवघड. पॉक्सो कायद्यानं डॉक्टरला पोलिसांत कळवणं भाग आहे. मराठवाड्यात सोळा-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या पोरी आहेत, आमच्यात आहेत आणि इतरांतही. तिला दिवस गेले आणि दवाखान्यात नेलं तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा आणि बापावर बालविवाहाचा. मग कुणी नेतं का? पोलिसांना कळवताना डॉक्टरनं मुलीचं नाव उघड करायची गरज नाही, असं २०२२च्या त्याच निकालात म्हटलंय. हे किती घरांपर्यंत पोचलंय?

२०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत, असा लॅन्सेटच्या नियतकालिकातल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले चारांतले जवळपास तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. काडीपेक्षा गोळी कितीतरी बरी. पण रक्त थांबलं नाही तर डॉक्टरला काय सांगायचं, हा प्रश्न १९५८चाच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन मी शहरातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. सातवा आठवडा. मोठ्या मुलाचं सिझेरियन होऊन वर्षही झालं नव्हतं, डॉक्टरनंच सल्ला दिलेला. बहिणीनं फॉर्म सी भरला, सही केली. काउंटरवरच्या बाईंनी आणखी एक कागद पुढं सरकवला. त्यावर पतीची सही, असं छापलेलं. मी म्हटलं, ताई, कायद्यात अशी सही लागत नाही. त्या म्हणाल्या, ‘आम्हालाही माहीत आहे हो भाऊ. पण उद्या घरचे भांडायला आले तर?’

बहिणीचा नवरा दम्मामला असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो हो म्हणाला, बाईंना सलाम करून हो म्हणाला. त्यांना लेखी हवं होतं. तिकडं त्यानं साइटवरच्या एका वहीचं पान फाडून सही केली, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोन रुपयांत त्याची प्रिंट काढून आणली. बाईंनी ती फाईलला टाचली आणि बहिणीला आत बोलावलं.